फोनवरचा नातू

संपादक मंडळाने यंदाही माझ्याकडे ‘पावसाळ्यातील मुलांचे आजार’ याच विषयावर लेख मागितला होता. हा लेख आपल्या स्मरणिकेत मी आजवर तीन वेळा लिहिला आहे, आणि पाऊस व आजार या दोहोंतही फारसा फरक न पडल्यामुळे चौथ्यांदा सांगण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेले नाही. तेव्हा मंडळाची क्षमा मागून यंदा एका निराळ्या रुग्णाविषयी लिहिते. हा रुग्ण माझ्या दवाखान्यात येत नाही. त्याचे वजन मला ठाऊक नसते, त्याचा घसा मी पाहिलेला नसतो, त्याच्या छातीला माझा स्टेथोस्कोप लागलेला नसतो. तो लीसेस्टरला असतो, डॅलसला असतो, म्युनिक, मेलबर्न किंवा अबू धाबीला असतो. त्याची आजी मात्र मालमड्डीत, सप्तापुरात, नाहीतर हुबळीच्या विद्यानगरात असते, आणि रात्री दहाच्या पुढे तिचा फोन येतो.

“डॉक्टरबाई, झोपला नव्हता ना? नातवाचं जरा विचारायचं होतं.”

आपल्या सभासदांपैकी असे फोन ज्याला येत नाहीत असा डॉक्टर विरळाच. किंबहुना आपल्यापैकी अनेक जण आता स्वतःच आजी-आजोबांच्या रांगेत जाऊन बसले आहेत आणि सर्जन असूनही, रेडिऑलॉजिस्ट असूनही, नातवाच्या खोकल्यासाठी मला फोन करतात. मीही त्यातलीच. माझी मुलगी मिनिॲपोलिसला आहे.

तक्रार बहुधा ठरलेली असते, आणि ती मुलापेक्षा तिथल्या डॉक्टरविषयी अधिक असते. “तिथले डॉक्टर औषधच देत नाहीत हो.” मुलाला तीन दिवस ताप आहे. भेटीची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळाली. डॉक्टरने घसा पाहिला, कान पाहिले, छाती ऐकली आणि सांगितले की विषाणूजन्य आहे, पाणी द्या, ताप फार वाटला तर पॅरासिटामॉल द्या, अमुक लक्षणे दिसली तर परत या. एवढ्यासाठी अर्धा दिवस रजा! अमेरिकेत असल्यास वर बिल. आजीला हे पटत नाही. तिच्या लेखी लाल रंगाची बाटली हातात पडली नाही म्हणजे तपासणी झालीच नाही.

ही समजूत आजीला कोणी दिली? आपणच. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे हे स्वाभाविक आहे, आणि हिवाळ्यात त्यातल्या चार सर्द्या एकमेकींना इतक्या चिकटून येतात की मूल सदासर्वदा आजारीच आहे असे वाटते. हे आपण एम.डी.च्या परीक्षेत लिहून आलो. पुढे दवाखाना थाटल्यावर, औषध दिले नाही तर ही बाई समोरच्या गल्लीत जाईल या भीतीने अँटिबायोटिक लिहू लागलो. तीस वर्षे आपण ज्या आयांना बाटलीची सवय लावली त्याच आता आज्या झाल्या आहेत. इंग्लंडमधला तो तरुण डॉक्टर जे करतो ते आपल्याच पुस्तकात लिहिलेले आहे. त्याला नावे ठेवताना मला अलीकडे जरा अवघडल्यासारखे होते.

आणि मग ती बॅग. एप्रिल-मे महिन्यात परदेशी निघणाऱ्या आजीच्या बॅगेत धारवाडी पेढे, मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला यांच्या तळाशी, सुती साडीत गुंडाळलेला एक लहानसा दवाखाना असतो. त्यात ॲझिथ्रोमायसिनच्या बाटल्या, खोकल्याची दोन-तीन तऱ्हेची औषधे आणि तापाचे ‘ते जरा जोरदार’ औषध असते. हे जोरदार औषध बहुधा निमेसुलाइड निघते, ज्याचा बारा वर्षांखालील मुलांसाठी वापर आपल्याकडे २०११ सालीच बंद करण्यात आला. खोकल्याच्या औषधांविषयी तर काही सांगायला नको. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, त्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. त्याच आठवड्यात एक आजोबा माझ्याकडे जर्मनीला न्यायच्या औषधांची यादी घेऊन आले. बातमी त्यांनीही वाचली होती. “पण ती कंपनी वेगळी,” ते म्हणाले. अशा किती याद्यांवर मी आजवर शिक्का मारून दिला याची मोजदाद मी ठेवलेली नाही, आणि ठेवली असती तर ती येथे छापण्याचे धैर्य झाले असते की नाही, सांगवत नाही.

फोन करणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. परक्या गावी तान्हे मूल रात्री दोन वाजता फणफणते तेव्हा तिथल्या हेल्पलाइनवरचा परका आवाज ठरावीक प्रश्नांची यादी वाचत असतो. इकडे धारवाडचे डॉक्टर ‘घाबरू नकोस गं’ म्हणतात. ‘कसंतरी होतंय’, ‘अंग मोडून आलंय’, ‘पोटात गुबारा धरलाय’ यांचे इंग्रजी करून सांगावे लागत नाही. हा दिलासा खरा आहे. माझे म्हणणे एवढेच की तो दिलासा आहे, तपासणी नव्हे, आणि या दोहोंतली रेघ फोनवर फार लवकर पुसली जाते.

या संभाषणांचा दुसरा कायमचा विषय म्हणजे राजकारण. रविवारच्या व्हिडिओ कॉलची पहिली दहा मिनिटे नातवाच्या खोकल्याला जातात आणि उरलेला तास ट्रम्प, मोदी, ब्रेक्झिट, बंगळूरचे सरकार, मुंबईचे सरकार यांना. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले त्या आठवड्यात, मी मुलांची डॉक्टर असूनही, तीन आजोबा माझ्याकडे रक्तदाब मोजून घ्यायला आले. तिघांचाही वाढलेला होता. इथून गेलेली मुले तिथे बसून इथल्या निवडणुकांवर वाद घालतात आणि इथे राहिलेले आईबाप इथे बसून तिथल्या निवडणुकांवर. ज्याला जिथे मत नाही तिथले त्याला मत अधिक, असा प्रकार दिसतो. मी हे थट्टेने लिहीत असले तरी त्यामागे माया आहे हे मला कळते. दूर राहणाऱ्या माणसाला गावाच्या रस्त्यावरचा खड्डा बुजवता येत नाही, शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेला जाता येत नाही. भांडता मात्र येते.

परंतु हे राजकारण जेव्हा आजारपणात शिरते तेव्हा ते थट्टेवारी नेता येत नाही. माझी मुलगी एकदा म्हणाली, “आई, इथे आता मुलाला गोवराची लस दिली का, असं विचारणं म्हणजे मत कुणाला दिलंस असं विचारण्यासारखं झालंय.” ती ज्या मिनेसोटा राज्यात राहते तेथील एक उदाहरण आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे सोमाली निर्वासितांची मोठी वस्ती आहे. २००४ साली त्यांच्यातील दोन वर्षांच्या मुलांपैकी ९२ टक्के मुलांना गोवर-गालगुंड-रुबेलाची लस मिळालेली होती. पुढे या लसीने स्वमग्नता येते अशी धास्ती त्या वस्तीत पसरली, लसविरोधी मंडळींनी तिथे येऊन सभा घेतल्या, आणि २०१४ पर्यंत ते प्रमाण ४२ टक्क्यांवर आले. ज्या शोधनिबंधाने ही भीती जन्माला घातली तो १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता आणि २०१० साली ‘लॅन्सेट’नेच तो मागे घेतला, पण भीती काही मागे घेता आली नाही. २०१७ मध्ये त्या वस्तीत गोवर आला. एकंदर ७५ रुग्ण झाले, त्यांतली बहुतेक लस न घेतलेली सोमाली मुले. गोवर म्हणजे काय हे या लोकांनी आपल्या मायदेशी डोळ्यांनी पाहिलेले होते, आणि तरीही हे घडले. २०२५ मध्ये टेक्सासमध्ये गोवराने दोन मुले दगावली, तीही लस न घेतलेलीच. त्याच वर्षी कॅनडाने गोवरमुक्त देश हा दर्जा गमावला.

आपण याला हसू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम ज्या पहिल्या राज्यांत सुरू झाली त्यांत आपले कर्नाटक होते. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाची मुले. त्या महिन्यात माझ्या दवाखान्यात उपचारापेक्षा व्हॉट्सॲपच्या संदेशांना उत्तरे देण्यातच अधिक वेळ गेला. ही लस परदेशात बंद आहे, हिने पुढे मुले होत नाहीत, असे काय काय. दोन सुशिक्षित घरांत तो संदेश अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून आलेला होता आणि म्हणून अधिक विश्वासार्ह ठरला होता! त्यातल्या एका आईला मी विचारले, “त्यांच्या स्वतःच्या मुलांना लस दिलीय का, विचारा बघू.” दिली होती. तिथे शाळेत घेत नाहीत ना.

असो. ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो लसीचा नाही. त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून तो सांगते.

आजोबा निवृत्त गणित शिक्षक. घरची भाषा मराठी, आयुष्यभर शिकविले कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात. ज्यांच्या हातचा फळा पाहून अक्षर सुधारावे असे गृहस्थ. त्यांच्या मुलाला बारा-तेराव्या वर्षी गालगुंड झाले तेव्हा मी नुकताच दवाखाना सुरू केला होता, आणि गालगुंडाच्या तापाचा चार-चार तासांचा आलेख काढून आणणारा बाप मी तेव्हा प्रथमच पाहिला. तो मुलगा पुढे अभियंता होऊन इंग्लंडला गेला. सून नागपूरकडची. त्यांना एक मुलगा.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा पेटला ते आपल्याला आठवत असेल. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले, एस.टी.ची इकडची सेवा काही काळ थांबली. इंग्लंडमधल्या मुलाने कुटुंबाच्या ग्रुपवर आणि बाहेरही एक जळजळीत मजकूर लिहिला. त्यात धारवाडची मराठी माणसेही दबून जगतात असे एक वाक्य होते. वडिलांनी खाली लिहिले, “मी दबलेलो नाही. आज सकाळी दूध शेजाऱ्यांनी आणून दिले. कृपया हे काढ.” मुलाने लिहिले, “अण्णा, तुम्ही घाबरता.” वडील ग्रुपमधून बाहेर पडले. पन्नास वर्षे ज्यांनी विद्यार्थ्यांना ‘तुम्ही’ म्हटले त्या माणसाला पोटच्या मुलाने चारचौघांत भित्रा म्हटले, हा घाव लहान नव्हता. बापलेकांचे बोलणे बंद झाले.

यात मी कोणाच्या बाजूची, असे मला त्या घरात विचारले गेले होते, म्हणून सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील मराठी माणसाची स्वभाषेतल्या कागदपत्रांची मागणी मला न्याय्य वाटते. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि इतकी वर्षे वाट पाहणाऱ्याला राग येण्याचा अधिकार आहे. पण हुबळी-धारवाड म्हणजे बेळगाव नव्हे. इथला मराठी माणूस कोणी जहागिरीबरोबर आला, कोणी सदर्न मराठा रेल्वेबरोबर. आज जिथे कर्नाटक कॉलेज आहे त्या इमारतीत एके काळी त्या रेल्वेची कचेरी होती. कोणी मुंबई इलाख्याच्या शाळाखात्याबरोबर आला. त्या काळी इथल्या शिक्षणात मराठीचा इतका वरचष्मा होता की १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला तो त्याला उत्तर म्हणूनच. हा इतिहास आपल्या घरांतून सांगितला जात नाही, आणि सांगितला असता तर कदाचित काही गोष्टी सोप्या झाल्या असत्या. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे याच गावात कन्नडचे महाकवी झाले. जी. ए. कुलकर्णी याच गावात राहून मराठीत लिहीत राहिले. दोघांनाही त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. माझ्या दवाखान्यात दहांतल्या आठ आया “आराम इल्री” म्हणत येतात, आणि मी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलते. त्यात मी दबलेली आहे असे मला कधी वाटलेले नाही.

तरी त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने तो राग काही इंग्लंडमध्ये विकत घेतला नव्हता. तो आपल्याच जेवणाच्या टेबलावरून, रविवारच्या पेपरातून, मोठ्या माणसांच्या बोलण्यातून त्याच्या सामानात गेला होता. आम्ही इथे राहिलो, आमचा राग शेजाऱ्यांच्या दुधाने, लग्नकार्यांनी, दवाखान्याच्या रांगांनी पातळ होत गेला. त्याचा मात्र तसाच घट्ट राहिला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रात्री आजींचा फोन आला. नातू सहा वर्षांचा. “वाळलाय हो. चिडचिड करतो. पोटात दुखतं म्हणतो. भूक मात्र राक्षसासारखी, तरी अंगाला लागत नाही.” मी दिवसभराच्या ओपीडीने थकलेली होते. भूक आहे, पोट दुखते, अंगाला लागत नाही. मी म्हणाले, जंत असतील, तुम्ही दिवाळीत पाठवलेल्या औषधांत अल्बेंडाझोल असेल तर एक मात्रा देऊ द्या. सगळे मिळून तीन मिनिटे. मी एकही प्रश्न विचारला नाही.

नऊ दिवसांनी त्या मुलाला उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जोराने चालू लागला, आणि रुग्णवाहिकेतून त्याला इस्पितळात न्यावे लागले. रक्तातील साखर ३१ मिलिमोल, म्हणजे आपल्या मापाने साडेपाचशेच्या वर. टाइप वन मधुमेह, कीटोॲसिडोसिस. दोन दिवस तो अतिदक्षता विभागात होता. वाचला. तिथल्या डॉक्टरांनी उत्तम उपचार केले. तेच, जे औषध देत नाहीत.

नंतर मला जे कळले ते असे. मूल तीन आठवडे सारखे पाणी पीत होते. दोन वर्षांपूर्वी सुटलेले अंथरूण पुन्हा ओले करू लागले होते. सुनेने हे सासूबाईंना सांगितले होते. सासूबाईंनी मला सांगितले नाही, कारण सहा वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करतो हे परक्या माणसाला सांगायचे त्यांच्या जिवावर आले. शिवाय आजाराशी त्याचा काही संबंध असेल असे त्यांना वाटले नाही. सरळ बोलणे चालू असते तर ही हकिगत मुलाने वडिलांना सांगितली असती, आणि ते गृहस्थ मला किती पेले पाणी आणि रात्री किती वेळा उठला याचा तक्ता करून वाचून दाखवल्याखेरीज राहिले नसते. तो तक्ता ऐकून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यानेही निदान केले असते. पण बापलेक बोलत नव्हते. हकिगत सुनेकडून सासूकडे, सासूकडून माझ्याकडे आली, आणि प्रत्येक हातात थोडी थोडी सांडत आली.

यावरून दोष सीमाप्रश्नावर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. कारण आणखी एक गोष्ट मला सुनेनेच पुढे सांगितली, आणि ती सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता हे मला अधिक जड गेले. तिने तिथल्या डॉक्टरकडे वेळ घेतलेली होती. फोन झाला त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची. ‘आपल्या डॉक्टरांनी जंत म्हणून सांगितलंय’ असे कळल्यावर तिने ती वेळ रद्द केली. तिथे बोटाच्या टोकाला एक सुई टोचली असती, पाच सेकंदांत आकडा दिसला असता.

तीस वर्षांच्या व्यवसायात माझ्या चुका याआधी झाल्या नाहीत असे नाही. पण जे मूल मी पाहिलेही नव्हते त्याच्या आणि त्याला पाहू शकणाऱ्या डॉक्टरच्या मध्ये मी जाऊन उभी राहिले, ही जाणीव निराळी आहे. २५ मार्च २०२० रोजी आपल्याकडे टेलिमेडिसिनची जी मार्गदर्शक तत्त्वे आली त्यांत भारताबाहेरील रुग्णाला सल्ला देणे समाविष्ट नाही. आपण ती तत्त्वे टाळेबंदीत वाचली आणि बाजूला ठेवली. ओळखीच्या आजीचा फोन म्हणजे काही वैद्यकीय सल्ला नव्हे, ती आपुलकी, असे आपण स्वतःला सांगतो. औषधाचे नाव उच्चारले त्या क्षणी ती आपुलकी राहत नाही.

आता मी काय करते ते सांगते. फोन घेते, तो घ्यायचा नाही इतकी कठोर मी होऊ शकत नाही. पण आजीकडून हकिगत ऐकत नाही. मुलाच्या आईलाच बोलायला सांगते, आणि पाणी, लघवी, वजन, झोप, श्वास हे मीच विचारते. औषधाचे नाव सांगत नाही. तिथल्या डॉक्टरला काय काय सांगायचे आणि काय विचारायचे, एवढे मात्र अगदी बयाजवार सांगते. कित्येकदा त्या आयांना धीर हवा असतो तो याचाच, की तिथल्या डॉक्टरसमोर नीट मांडता येईल की नाही. आणि घेतलेली वेळ रद्द करू नका, हे वाक्य मी आता प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणते. दोन आज्यांनी यामुळे मला फोन करणे बंद केले आहे. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे जातात असे ऐकते. ते आपलेच सभासद आहेत आणि हा लेख वाचतील अशी आशा आहे.

इटलीतील पार्मा शहरात १९९१ पासून एक साधा प्रयोग झाला. शाळांतून आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून एक भित्तिपत्रक लावले गेले. त्यात एवढेच सांगितले होते की कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, खूप पाणी पिऊ लागले, तर साखर तपासा. नव्याने मधुमेह झालेल्या मुलांत कीटोॲसिडोसिसपर्यंत पोचण्याचे प्रमाण तिथे ७८ टक्के होते. आठ वर्षांच्या त्या पाहणीत ते सुमारे साडेबारा टक्क्यांवर आले. कागदाच्या एका तुकड्याने! आपल्या मंडळाने असे पत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये छापून हुबळी-धारवाडच्या शाळांतून लावावे अशी माझी सूचना आहे. सुवर्णपदके आणि शाली थोड्या कमी केल्या तर खर्च सहज निघेल. आणि छापताना ‘अंथरूण ओले करणे’ हे शब्द गाळू नयेत. सभ्यपणासाठी ते गाळण्याचा आग्रह कोणीतरी धरीलच, म्हणून आधीच लिहून ठेवते.

त्या घराचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मुलगा अतिदक्षता विभागात होता त्या रात्री इंग्लंडमधून मालमड्डीला फोन आला तो आजोबांच्या नंबरावर. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. पुढे त्या मुलाच्या दंडाला साखर मोजणारा सेन्सर बसला. त्याचे आकडे मोबाइलवर दिसतात, आणि घरच्यांना वाटले तर जगाच्या पाठीवर कुठेही दिसतात. आजोबांनी ते ॲप आपल्या फोनवर घालून घेतले. साखर खाली गेली की इंग्लंडमधल्या फोनबरोबर धारवाडातलाही वाजतो. तिथे रात्रीचे अकरा वाजलेले असतात, इथे हिवाळ्यात पहाटेचे साडेचार. आजोबा उठतात, मुलाला फोन लावतात, “रस दिलास का?” विचारतात, आणि आकडा वर सरकेपर्यंत दोघे फोनवर असतात. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत बोलायला काहीतरी लागतेच. आजी सांगतात, हल्ली पुन्हा बेळगाववरून वाद होतो. आवाज चढतात. पण फोन कोणी ठेवत नाही, कारण आकडा अजून वर आलेला नसतो.

परवा ते गृहस्थ माझ्याकडे आले होते. तिथले माप मिलिमोलचे, आपले मिलिग्रॅमचे. अठराने गुणायचे. त्यांनी ३ पासून २० पर्यंतचा दशांशासह तक्ता स्वच्छ अक्षरांत करून देवघराच्या शेजारी लावला आहे, आणि एक प्रत माझ्यासाठी आणली होती. चष्मा पुसत त्यांनी विचारले, “डॉक्टरबाई, ४.२ म्हणजे ७५.६. ते ७६ धरायचे की ७५?”

मी म्हणाले, “७६ धरा.”

“मग बरोबर आहे,” ते म्हणाले. “तो ७५ म्हणत होता.”